मायक्रो, टॅपरूम की ब्रूपब? अमेरिकेत ब्रुअरीची वर्गवारी लावताना मी केलेल्या चुका, तुम्ही करू नका

आधीच सांगते, मी बियरची दर्दी वगैरे नाही. कोलोरॅडोत डेन्व्हरच्या उत्तरेला नवरा आणि त्याचे दोन मित्र मिळून एक छोटी ब्रुअरी चालवतात आणि तिचे हिशोब माझ्या गळ्यात पडलेत, त्यामुळे बियर कशी बनते ते कळायच्या आधी मला बियरचे फॉर्म कसे भरतात ते शिकावं लागलं. पहिल्याच वर्षी मी आमच्या ब्रुअरीला तीन फॉर्मांवर तीन वेगळी नावं देऊन ठेवली होती. गंमत म्हणजे त्यातली दोन बरोबर निघाली.

दर गणपतीत कोणी ना कोणी प्रसादाचं ताट हातात घेऊन बाजूला येतं आणि म्हणतं, ताई, आम्हाला पण पुण्यासारखी मायक्रोब्रुअरी काढायचीय. आणि गडबड इथेच सुरू होते. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली तेव्हापासून आपल्या डोक्यात मायक्रोब्रुअरी म्हणजे काचेमागे चकचकीत टाक्या, समोर टेबल, टेबलावर ताजी बियर आणि चिकन टिक्का. अमेरिकेत याला मायक्रोब्रुअरी म्हणत नाहीत, ब्रूपब म्हणतात. इथल्या व्याख्येतली मायक्रोब्रुअरी म्हणजे जी आपली बहुतेक बियर बाहेर पाठवते, दुकानांत आणि दुसऱ्यांच्या बारमध्ये. म्हणजे शब्द तोच आणि अर्थ जवळपास उलटा. त्यामुळे डोक्यातलं पुणे जरा बाजूला ठेवा आणि खालच्या क्रमाने चला.

१. विचारतंय कोण, ते आधी बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि मला ती सगळ्यात उशिरा कळली. तुमची ब्रुअरी कुठल्या प्रकारची, हा प्रश्न इथे तीन वेगळे लोक विचारतात आणि तिघांच्या फूटपट्ट्या वेगळ्या.

पहिले म्हणजे ब्रुअर्स असोसिएशन, ही छोट्या ब्रुअऱ्यांची व्यापारी संघटना, ऑफिस आमच्याच बोल्डरमध्ये. मायक्रो, टॅपरूम (ब्रुअरीतच बसून तिची बियर प्यायची जागा), ब्रूपब, रीजनल हे जे शब्द बातम्यांत वाचता ते बहुतेक यांच्या व्याख्येतले. हा कायदा नाही हं, आकडेवारीसाठी पाडलेले कप्पे आहेत. दुसरे टीटीबी, म्हणजे दारू आणि तंबाखूवरचा कर बघणारं फेडरल खातं. त्यांच्या लेखी मायक्रो न् नॅनो काही नसतं, तुम्ही फक्त ब्रुअर, किती बॅरल काढले आणि किती कर भरला एवढंच बोला. तिसरं तुमचं राज्य, जे लायसन्स देतं आणि ज्याच्या व्याख्या राज्याची सीमा ओलांडली की बदलतात.

मी संघटनेच्या सर्व्हेतला शब्द उचलून लायसन्सच्या कागदावर लिहिला होता. तो कागद परत आला, बरोबर एक पिवळी चिठ्ठी, आणि आमचे तीन आठवडे गेले.

२. बॅरल म्हणजे किती, हे पाठ करून टाका

अमेरिकन बियरचा बॅरल म्हणजे ३१ गॅलन, म्हणजे साधारण ११७ लिटर. तेलाचा बॅरल ४२ गॅलनचा असतो, तो हा नव्हे. ब्रिटनचा बियर बॅरल ३६ इंपीरियल गॅलनचा, म्हणजे जवळपास १६४ लिटर, आणि युरोपात सगळं हेक्टोलिटरमध्ये, म्हणजे १०० लिटरच्या मापात. ब्रिटिश ब्लॉगवरचं गणित वाचून अमेरिकन फॉर्म भरलात तर आकडा चाळीस टक्क्यांपर्यंत चुकेल.

आता माझी करामत ऐका. पहिल्या जानेवारीत वर्षअखेरचा साठा मोजायला मी वही घेऊन कोल्ड रूममध्ये शिरले. आत तीन-चार डिग्री, हातमोजे घालून पेन धरता येत नव्हतं. आमचा ब्रुअर केगच्या, म्हणजे बियरच्या धातूच्या पिंपांच्या, उतरंडीमागून ओरडला, "चाळीस फुल आणि चोवीस सिक्स्टल!" मी लिहिलं चौसष्ट बॅरल. छान, बाहेर येऊन चहा प्यायले. दोन दिवसांनी टाकीतून निघालेला माल आणि वहीतला साठा काही केल्या जुळेना, तेव्हा त्याने डोक्याला हात लावला. इथे ज्याला सगळे फुल केग म्हणतात तो मुळात अर्धा बॅरल असतो, साडेपंधरा गॅलन. आणि सिक्स्टल म्हणजे बॅरलचा सहावा हिस्सा. म्हणजे चाळीस फुलचे वीस, चोवीस सिक्स्टलचे चार, एकूण चोवीस बॅरल. मी चौसष्ट लिहिले होते! केगवर खडूने बॅरलचा अपूर्णांक लिहायची पद्धत आमच्याकडे त्या दिवसापासून आहे.

कॅन विकत असाल तर हेही लक्षात ठेवा, १२ औंसाच्या २४ कॅनची पेटी धरली तर एका बॅरलमध्ये पावणेचौदाच्या आसपास पेट्या बसतात.

३. वर्षाचा खरा आकडा काढा, भांड्याचा नाही

नवीन माणूस म्हणतो, आमची सात बॅरलची ब्रुअरी. ते तुमच्या ब्रूहाउसचं माप झालं, म्हणजे एका घाण्यात किती निघतं ते. वर्गवारी होते ती वर्षाच्या उत्पादनावर, आणि ते ठरवतात फर्मेंटर, म्हणजे बियर आंबवायच्या टाक्या, उकळायचं भांडं नाही. भज्यांची कढई कितीही मोठी असली तरी ताटल्या चारच असतील तर काय उपयोग, तसं.

आमचंच उदाहरण घ्या. ब्रूहाउस ७ बॅरलचं, फर्मेंटर ४, तेही ७-७ बॅरलचे. एल, म्हणजे लवकर आंबणारी बियर, असेल तर फर्मेंटर साधारण दोन आठवडे अडकतो, म्हणजे एका टाकीत वर्षाला २६ घाणे, चार टाक्यांत १०४, गुणिले ७, म्हणजे कागदावर ७२८ बॅरल. यातला गाळ, हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं) पितात ती बियर, पाइपात राहते ती, वजा करा. मग लागर करायची हौस वजा करा, कारण लागर ही सावकाश होणारी बियर पाच-सहा आठवडे टाकी सोडत नाही. मग जानेवारीत बर्फामुळे गिऱ्हाईकच नसतं ते वजा करा. आमचा हिशोब सहाशेच्या आसपास येऊन थांबतो, म्हणजे साधारण सत्तर हजार लिटर. ऐकायला खूप वाटतं, पण धंद्यात आम्ही अगदी चिंधी आहोत.

नॅनोब्रुअरी हा शब्द बराच ऐकू येतो, साधारण ३ बॅरल किंवा त्याहून छोटं ब्रूहाउस असलं की लोक म्हणतात. बोलायला म्हणा, पण फॉर्मवर लिहू नका, त्याची अधिकृत व्याख्या नाहीये.

४. आकड्यावरून कप्पा शोधा

इथे दोनच रेषा लक्षात ठेवायच्या.

वर्षाला १५,००० बॅरलच्या खाली असाल, म्हणजे साधारण साडेसतरा लाख लिटर, तर तुम्ही छोट्यांत. १५,००० ते ६० लाख बॅरल म्हणजे रीजनल ब्रुअरी. आणि ६० लाखांच्या वर लार्ज. आमच्या इथून तासाभरावर गोल्डन गावात १८७३ पासून कूर्सचा कारखाना आहे, तो बघून या एकदा, मग लार्ज म्हणजे काय ते डोळ्यांना कळतं, अख्खी दरी भरून टाकलीय.

रीजनल हा शब्द फसवा आहे, त्याचा प्रदेशाशी काही संबंध नाही. एखादी रीजनल ब्रुअरी पन्नास राज्यांत माल विकते आणि एखादी दोन जिल्ह्यांत, दोघी रीजनलच.

आणि हे ६० लाख काही आभाळातून पडलेले नाहीत. आधी क्राफ्टची, म्हणजे संघटना ज्यांना छोट्या आणि स्वतंत्र ब्रुअऱ्या म्हणते त्यांची, मर्यादा २० लाख बॅरल होती. सॅम्युएल ॲडम्स बनवणारी बॉस्टन बियर कंपनी वाढत वाढत त्या रेषेला टेकायला आली तेव्हा, २०११ च्या जानेवारीत, संघटनेने रेषाच ६० लाखांवर नेली. कोणी याला दूरदृष्टी म्हणतं, मी याला मुलगा नापास होतोय म्हणून पासिंगचे मार्क कमी करणं म्हणते. पण संघटना त्यांची, व्याख्या त्यांची.

५. बियर कुठे प्यायली जाते, आणि सोबत जेवण आहे का?

१५,००० च्या खाली असाल तरच या पायरीवर या. आणि नव्याने सुरू करणारे सगळे इथेच असतात.

तुमच्या बियरपैकी ७५ टक्के किंवा जास्त बाहेर विकली जात असेल तर तुम्ही मायक्रोब्रुअरी. २५ टक्के किंवा जास्त जागेवरच विकली जात असेल आणि स्वतःचं म्हणावं असं जेवण नसेल तर टॅपरूम ब्रुअरी. २५ टक्के किंवा जास्त जागेवर आणि सोबत बऱ्यापैकी स्वयंपाकघर, तर ब्रूपब. बस, एवढंच आहे.

आता सापळे. टक्के बियरच्या मापाचे काढायचे, पैशाचे नाहीत. टॅपरूममध्ये एक ग्लास सात डॉलरला जातो आणि तीच बियर केगमधून वितरकाला दिली की त्या भावाच्या जवळपासही येत नाही, त्यामुळे गल्ल्यावरून टक्के काढले की जागेवरची विक्री फुगून दिसते. मी पहिल्या वर्षी गल्ल्यावरूनच काढले होते, अर्थात.

दुसरं, फूड ट्रक. दारात दर शुक्रवारी टाकोचा ट्रक उभा राहतो म्हणून तुम्ही ब्रूपब होत नाही, ते पैसे त्या ट्रकवाल्याचे. शेंगदाणे आणि प्रेट्झेल विकून पण होत नाही. आम्ही दिवाळीत सामोसे ठेवले होते, चांगले दोनशे गेले, तरी आम्ही टॅपरूमच.

खरं ब्रूपब बघायचं तर डेन्व्हरला विन्कूपला जा. १९८८ मध्ये सुरू झालेलं हे कोलोरॅडोतलं पहिलं ब्रूपब. ते काढणाऱ्यांतला एक होता जॉन हिकनलूपर, नोकरी गेलेला भूगर्भशास्त्रज्ञ, जो पुढे डेन्व्हरचा महापौर, मग गव्हर्नर आणि मग सिनेटर झाला. नोकरी गेल्यावर काय करावं याचं हे उदाहरण आमच्या घरी जरा जास्तच वेळा दिलं जातं.

६. बियर नेमकी बनवतं कोण?

स्वतःच्या टाक्या घ्यायला पैसे नसतील तर दोन रस्ते आहेत, दिसायला सारखे पण कागदावर पूर्ण वेगळे.

कॉन्ट्रॅक्ट ब्रुइंग म्हणजे रेसिपी आणि ब्रँड तुमचा, बियर बनवतो दुसरा. कर भरायची जबाबदारी बनवणाऱ्याची. बिरा ९१ आठवतेय ना? २०१५ मध्ये भारतात आली तेव्हा ती बेल्जियममध्ये बनून यायची, तसलाच प्रकार.

दुसरा रस्ता म्हणजे अदलाबदलीची मालकी, इथे त्याला ऑल्टरनेटिंग प्रोप्रायटरशिप म्हणतात. यात तुम्ही दुसऱ्याची ब्रुअरी ठरावीक दिवस वापरायला घेता, पण माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) तुमचं, हॉप्स तुमचे, नोंदी तुमच्या, कर तुमचा, आणि टीटीबीची मंजुरीही तुमच्या नावाची वेगळी. लिफ्टमध्ये भेटल्यावर दोन्ही प्रकारचे लोक "माझी ब्रुअरी आहे" असंच सांगतात, पण पहिल्याकडे ब्रुअरीचा कागद नसतो. तुम्ही कोणाच्या धंद्यात पैसे घालणार असाल तर तो कागद आधी बघायला मागा. आमच्या ओळखीतल्या एकाने नाही बघितला.

७. मालक कोण? क्राफ्टचा प्रश्न

क्राफ्ट हा चवीचा शब्द वाटतो पण संघटनेच्या व्याख्येत तो मालकीचा आहे. उत्पादन ६० लाख बॅरलपर्यंत पाहिजे, स्वतःची टीटीबीची मंजुरी पाहिजे आणि स्वतः क्राफ्ट ब्रुअर नसलेल्या दारू कंपनीचा मालकीत २५ टक्क्यांहून कमी हिस्सा पाहिजे. पूर्वी पारंपरिक घटकांची पण अट होती, मका-तांदूळ वापरणाऱ्यांना बाहेर ठेवायचे. त्यापायी पेनसिल्व्हेनियातली १८२९ पासूनची युंगलिंग बाहेर होती, २०१४ मध्ये ती अट सैल केली तेव्हा ती आत आली.

मालकी बदलली की काय होतं ते फोर्ट कॉलिन्सच्या लोकांना विचारा. १९९१ ची न्यू बेल्जियम, अख्ख्या गावाचा अभिमान, २०१९ मध्ये जपानच्या किरीनच्या मालकीच्या लायन ग्रुपने ती विकत घेतली. बियर तीच, टाक्या त्याच, पण संघटनेच्या यादीत ती क्राफ्ट राहिली नाही.

तुमच्या कामाची गोष्ट ही की ही अट दारूच्या धंद्यातल्या मालकाबद्दल आहे. सॉफ्टवेअरवाल्या मेव्हण्याने ४० टक्के पैसे घातले तर क्राफ्टपणाला धक्का लागत नाही. घरातल्या शांततेला लागतो, ते वेगळं.

आणि व्हिसाचं विसरू नका. एच-वन-बी वर असाल तर ब्रुअरीत नुसते पैसे गुंतवणं वेगळं आणि शनिवारी टॅपमागे उभं राहून ग्लास भरणं वेगळं, दुसरं चालत नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला आधी विचारा, भाडेकरारावर सही केल्यावर नाही.

८. फेडरल कर आणि कागदपत्रं

इथे वर्गवारी करपट्ट्यांची. वर्षाला २० लाख बॅरलच्या आत बनवणाऱ्या देशी ब्रुअरला पहिल्या ६०,००० बॅरलवर बॅरलमागे साडेतीन डॉलर, त्यापुढे १६ डॉलर. त्याहून मोठ्यांना पहिल्या ६० लाखांवर १६ आणि पुढे १८. हा साडेतीनचा दर २०१७ च्या कायद्याने तात्पुरता आला आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये कायमचा झाला, आधी तो ७ डॉलर होता. कर बनवलेल्या बियरवर नाही, विकायला किंवा प्यायला बाहेर काढलेल्या बियरवर लागतो. तर आमच्या सहाशे बॅरलचे झाले २,१०० डॉलर. वर्षाचा कर १,००० डॉलरच्या आत असेल तर वर्षातून एकदा भरता येतो, त्यावर ५०,००० पर्यंत तिमाहीला. ५०,००० च्या आत असाल तर बाँडही, म्हणजे कराची हमीही, लागत नाही.

टीटीबीच्या मंजुरीसाठी ब्रुअर्स नोटिस नावाचा जो मुख्य अर्ज आहे तो ऑनलाइन भरता येतो आणि त्याला फी शून्य. हो, शून्य. फी घेतो तो सल्लागार. अर्जासोबत हे तयार ठेवा:

- जागेचा भाडेकरार किंवा मालकीचा कागद
- जागेचा नकाशा, त्यात ब्रुअरीची हद्द आणि टॅपरूमची हद्द स्पष्ट दाखवलेली
- कंपनी स्थापनेचे कागद, भागीदारांचा करार, टॅक्सचा नंबर
- पैसे कुठून आले त्याचा पुरावा, बँक स्टेटमेंटसकट
- प्रत्येक भागीदाराची वैयक्तिक माहिती
- सांडपाणी आणि पर्यावरणाचे दोन छोटे फॉर्म
- सही करायचा अधिकार कोणाला, त्याचं पत्र

यातला पैशांचा पुरावा आपल्या लोकांना नडतो. सासऱ्यांनी भारतातून पाठवलेले पैसे असतील तर त्याचा माग पहिल्या खात्यापासून दाखवता आला पाहिजे, नुसतं "घरचे पैसे" म्हणून भागत नाही.

राहत्या घरात ब्रुअरीला परवानगी नाही, अंगणातल्या शेडमध्येही नाही. घरी प्यायला बनवू शकता, एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोघं असाल तर घराला २००, पण त्यातला एक ग्लासही विकायचा नाही.

अजून एक विचित्र गोष्ट. मध आंबवून मीड किंवा सफरचंदाची सायडर करायची असेल तर ती कराच्या कायद्यात वाइन धरतात, तिला वाइनरीची वेगळी मंजुरी लागते. साके, ती जपानी तांदळाची दारू, मात्र कराच्या हिशोबात बियर, आणि साखर आंबवून केलेलं हार्ड सेल्त्झर पण बियर. तर्क शोधू नका, मी शोधला, डोकं दुखलं.

९. राज्याचं लायसन्स, आणि त्याच्याही आधी गावाचं झोनिंग

क्रम असा ठेवा: आधी पालिकेत जाऊन त्या जागेवर ब्रुअरी चालते का ते लेखी घ्या, मग भाडेकरार, मग टीटीबी आणि राज्य. कारण अर्जाला जागा लागते, आणि मंजुरी येईपर्यंत रिकाम्या जागेचं भाडं भरावं लागतं. घरमालकाशी आधीच बोलून भाडं उशिरा सुरू करायचं कलम घालून घ्या. आम्ही घातलं नव्हतं, चार महिन्यांचं भाडं एकही ग्लास न विकता गेलं.

आणि इथे शब्द पुन्हा बदलतात. कोलोरॅडोत ब्रूपबचं लायसन्स घ्यायचं तर जागेवरच्या खाण्या-पिण्याच्या उत्पन्नातलं किमान १५ टक्के खाण्यातून यायला हवं. आणि गंमत बघा, तेच लायसन्स वर्षाला १८,६०,००० गॅलनपर्यंत बियर बनवू देतं, म्हणजे ६०,००० बॅरल. त्यामुळे ५०,००० बॅरल बनवणारी जागा राज्याच्या कागदावर ब्रूपब आणि संघटनेच्या यादीत रीजनल असू शकते, दोन्ही एकाच वेळी बरोबर. टेक्ससमध्ये ब्रूपबला एका जागेमागे वर्षाला १०,००० बॅरलची मर्यादा आहे. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा फॉर्म बघून आपला भरू नका, अगदी चुलतभाऊ असला तरी.

आणि लक्षात घ्या, संघटनेचे टक्के बियरच्या मापाचे आणि राज्याचे हे १५ टक्के पैशाचे. दोन्हीसाठी वेगळे कॉलम ठेवा, पहिल्या दिवसापासून. माझ्या एक्सेलमध्ये आता जागेवर प्यायलेली, जागेवरून घरी नेलेली, वितरकाला दिलेली, सांडलेली आणि स्टाफने प्यायलेली असे पाच कॉलम आहेत, शेवटचा सगळ्यात कमी विश्वासार्ह.

सध्या आमच्याकडे पिझ्झा ओव्हनवरून वाद चाललाय. नवऱ्याला ओव्हन पाहिजे, म्हणजे त्याच्या डोक्यात आम्ही ब्रूपब झालो, ब्रूपबच्या लायसन्सवर दुसऱ्यांची वाइन आणि कॉकटेल पण विकता येतील. मी त्याला एवढंच विचारलं की जानेवारीत, बाहेर दोन फूट बर्फ असताना, १५ टक्क्यांएवढे पिझ्झे कोण खाणार. ओव्हनचं कोटेशन फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे, तीन आठवडे झाले.